गाडी सुरू करण्याआधी ती थांबते का ते बघा

पत्राचा सारांश (नाव-पत्ता अर्थातच गाळला आहे): पत्रलेखक चव्वेचाळीस वर्षांचे, नोकरीनिमित्त पुण्यात. वडील सांगलीच्या जुन्या घरी एकटे, पण हिंडते-फिरते. घरामागच्या शेडमध्ये त्यांची १९८२ ची फिकट निळी प्रीमियर पद्मिनी २००७ पासून झाकून उभी आहे. ती का थांबवली ते वडील सांगत नाहीत, आणि विकूही देत नाहीत. चार महिन्यांनी त्यांची पंच्याहत्तरी आहे. शेडचे पत्रे बदलायचेत अशी थाप मारून गाडी गुपचूप पुण्याला हलवायची, नवी कोरी करायची, तीही लाल रंगात, आणि वाढदिवसाला दारात आणून उभी करायची, असा पत्रलेखकांचा बेत. पुण्यातला एक गॅरेजवाला म्हणतो, ‘सगळी खोलून नवी करून देतो, साडेचार लाख, निम्मे आगाऊ.’ सांगलीतला ओळखीचा मिस्त्री म्हणतो, ‘बॅटरी आणि पाच लिटर पेट्रोल आणा, अर्ध्या तासात चालू करतो.’ धाकटा भाऊ म्हणतो, पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांवर बंदीच आहे, भंगारात देऊन मोकळे व्हा. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘२०१९ च्या पुरात शेडमध्ये गुडघाभर पाणी होतं, पण गाडी वरून तरी ठीक दिसते.’ प्रश्न एवढाच, की तिघांपैकी ऐकायचं कोणाचं?

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. शेडमधलं पुराचं पाणी. सुरुवात तिथूनच करू, कारण तुमच्या तिन्ही सल्लागारांना ही गोष्ट माहीत आहे असं पत्रावरून वाटत नाही, आणि ती कळली तर तिघांचंही बोलणं बदलायला हवं.

पद्मिनीला गुडघाभर पाणी म्हणजे चारही चाकांची ब्रेक ड्रम, मागचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा), गिअरबॉक्स, सायलेन्सर आणि पायाखालचा सगळा पत्रा पाण्यात. कृष्णेच्या पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं हे सांगलीकराला मी काय सांगणार. पाणी उतरतं, गाळ मात्र फटीफटीत बसून राहतो आणि दर पावसाळ्यात ओल धरतो. त्यात या गाडीची एक खासियत आहे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा सडला तरी खालचा सांगाडा उभा राहतो. पद्मिनी ही मुळात फियाट ११००. इटलीत १९५३ साली या घराण्यातलं नवं मॉडेल आलं तेव्हापासून तिला वेगळी चासीच नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चासी. दाराखालच्या पोकळ पट्ट्या, फ्लोअर आणि मागचे पाटे (पट्टीच्या स्प्रिंगा) जिथे बसतात त्या जागा सडल्या, तर इंजिन कितीही गोड चालो, ती गाडी रस्त्यावर आणण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिला खर्च ना बॅटरीचा, ना आगाऊ रकमेचा. पहिला खर्च एका चांगल्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. इंजिनवाला मिस्त्री नको, पत्रेवालाच हवा. त्याला सांगलीला शेडमध्ये न्या. मॅट आणि गालिचे काढा, मागची सीट उचला, गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम लाकडी ठोकळे लावा (निव्वळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जायचं नाही), आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बोदा आवाज आला तर टोक दाबून पाहा. टोक आत गेलं की समजा. वरचा रंग चकचकीत आणि खाली गंज, ही जोडी अगदी सर्रास भेटते, त्यामुळे ‘वरून तरी ठीक दिसते’ याला मी काडीची किंमत देणार नाही. राग मानू नका.

या तपासणीचा निकाल लागेपर्यंत बाकीचं सगळं बोलणं हवेतलं आहे. तरीही पुढचं लिहिते, कारण पत्रा बरा निघाला तर पुढे काय, हे तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना हवं असतं. जुनी फियाट, अँबॅसिडर, कुणाच्या आजोबांची जीप अशी पत्रं या सदराकडे अधूनमधून येतात, आणि त्यांत जवळजवळ नेहमी एकच गल्लत असते. गाडी रस्त्यावर आणणं आणि गाडी नवी करणं ही एकच गोष्ट आहे, असं सगळे धरून चालतात.

तशी ती नाही. रस्त्यावर आणणं म्हणजे गाडी सुरक्षित थांबेल, वळेल, चालेल, आणि कागद कायदेशीर असतील. नवी करणं म्हणजे सगळं खोलणं, रंग, क्रोम, सीट, सगळंच. पहिल्या कामाला शेवट असतो. दुसऱ्याला नसतो. गाडी पूर्ण खोलली की गॅरेजात ती चार खोक्यांत राहायला लागते. मग एखादी काच किंवा बीडिंग मिळत नाही, पैसे संपतात, गॅरेजवाल्याला रोजची गिऱ्हाइकं असतात, आणि दोन वर्षांनी नटबोल्ट कुठले कुठे गेलेत हे कोणालाच सांगता येत नाही. मूळ अवस्थेत झाकून ठेवलेली गाडी कधीही पुन्हा हातात घेता येते. अर्धवट खोललेली गाडी मात्र शेवटी भंगारातच जाते. पुण्याच्या गॅरेजवाल्याची दानत मला माहीत नाही, तो उत्तम कारागीरही असेल. पण पुरात भिजलेली गाडी न पाहता साडेचार लाखांचा पक्का आकडा सांगणारा माणूस एकतर फार आशावादी आहे किंवा पुढे ‘हे त्यात नव्हतं’ म्हणणार आहे.

आता थोडं तुमच्या बेताबद्दल.

गुपचूप हा शब्द मला खटकला, आणि तो भावनेच्या आधी कायद्यानेच खटकतो. गाडी वडिलांच्या नावावर आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठीचा अर्ज, फॉर्म २५, नोंदणीकृत मालकाच्या सहीने जातो, आणि हल्ली आरटीओच्या कामात मालकाच्या मोबाइलवर ओटीपीही येतो. वडिलांच्या फोनवर आरटीओचा ओटीपी आला की तुमच्या गुपिताचं काय होईल?

आता जरा हिशेब करा. १९८२ मध्ये पंधरा मिळवले की १९९७. मग पाच वर्षांनी २००२, आणखी पाच वर्षांनी २००७. गाडी शेडमध्ये गेली ते साल. वडील कारण सांगत नाहीत म्हणजे त्यामागे काहीतरी दुखरं असणार, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. असेलही. पण कदाचित त्या वर्षी नोंदणी संपली, तपासणीसाठी ब्रेक-सायलेन्सरचं काम निघालं, मुलं बाहेरगावी, आरटीओत खेटे घालायला कोणी नाही, म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ करत गाडी राहून गेली. हा माझा तर्क आहे. पण विचारायला काय हरकत आहे? ‘गाडी का बंद केलीत’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. ‘बाबा, आरसी बुक कुठे ठेवलंय?’ असं विचारा. कपाट उघडेल, कागद निघतील, आणि त्या कागदांबरोबर बाकीचंही निघेल.

शिवाय या गाडीबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस तुमच्या घरात आहे आणि तुम्ही त्यालाच वगळता आहात. इंजिन कधी बांधलं होतं, कुठल्या मिस्त्रीकडे? मूळचंच इंजिन आहे की मध्ये बदललं? ब्रेक एका बाजूला ओढायचे का? थांबवली तेव्हा ती चालू हालतीत होती की बंद पडली म्हणून ढकलत आत नेली? या एकेका उत्तराने मिस्त्रीचा दिवस-दिवस वाचतो. आणि पुन्हा त्यांनी ती चालवावी अशी तुमची इच्छा असेल, तर त्यांचं लायसन्स चालू आहे का, डोळे-गुडघे काय म्हणतात, त्या क्लचचा जोर त्यांना झेपेल का, हेही त्यांनाच ठरवू द्या. लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि त्यांच्या वयाला डॉक्टरचा दाखलाही लागतो. त्यांना चालवायची नसेल आणि तुमच्या शेजारी बसून ‘गिअर हळू टाक’ म्हणायचं असेल, तर तेही चालेल की.

लाल रंगाविषयी एवढंच: कोणाला हवा आहे? आरसीवर रंगाची नोंद असते, बदलला तर ती नोंदही बदलावी लागते. पण खरा मुद्दा वेगळा आहे. मूळ रंग एकदाच मूळ असतो. पॉलिश करून तो थोडा जरी वर आला, तर चार ओरखड्यांसकट तसाच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या गाड्यांची फिवा नावाची जागतिक संघटना आहे, तिच्या तुरिन सनदेतही हाच विचार आहे, की शक्य तितकं जपा, बदल कमीत कमी करा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा. तुमच्या वडिलांनी जी गाडी झाकून ठेवली ती निळी आहे.

भावाचं म्हणणं मोडीत काढणं सोपं आहे, पण ते बिनबुडाचंही नाही. पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवायची नाही ही भानगड दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागातली. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर गाडीवर सरसकट बंदी नाही. तपासणीत पास करून, फी भरून नोंदणी वाढवून घ्यायची असते. मात्र सरकार ते दिवसेंदिवस महाग करतंय. २०२२ च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ती १०,००० झाली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. तुमचा उशीर मोठा असल्यामुळे दंडाचा आकडा आधी आरटीओच्या खिडकीवर विचारून घ्या, एजंटच्या तोंडून नको. भाऊ बंदी म्हणतो ते चूक, पण ‘या वयात गाडी पाळणं स्वस्त नाही’ असं म्हणाला असता तर बरोबर ठरला असता.

कागदांत आणखी तीन ठिकाणी अडखळायला होतं. तुमची गाडी १९८९ च्या आधीची, म्हणजे तिचा नंबर ‘एमएच’ आणि आकडा अशा पद्धतीचा नसून जुन्या तीन अक्षरी मालिकेतला. असे जुने रेकॉर्ड बऱ्याचदा संगणकावर चढलेलेच नसतात. तेव्हा ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरसी बुक हाताशी हवं. दुसरं, चासी नंबर आणि इंजिन नंबर. तपासणीला त्यांचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो. नंबर गंजून पुसट झाला असेल किंवा मधल्या काळात इंजिन बदलूनही नोंद झालेली नसेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं. रंग लावून झाल्यावर कळलं तर काय करणार? तिसरं, विमा, पीयूसी आणि तपासणी यांतलं आधी काय, नंतर काय, हे तुमच्या आरटीओत विचारा आणि तोवर गाडी हलवायची ती टोइंगवर. नोंदणी संपलेली, विमा नसलेली गाडी ‘फक्त कोपऱ्यापर्यंत’ चालवत नेणं म्हणजे अपघात झाला तर सगळी भरपाई स्वतःच्या खिशातून. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बंधनकारक झाली आहे, ती नोंदणी मार्गी लागल्यावर.

ज्यांच्याकडे याहून जुन्या, पन्नाशी ओलांडलेल्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते, नव्या नोंदणीला २०,००० आणि पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. मेख अशी, की अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. वडिलांना रविवारी गणपतीच्या देवळापर्यंत गाडी न्यायची असेल तर ही वाट त्यांची नाही. शिवाय तुमची पद्मिनी पन्नाशीला २०३२ मध्ये पोचेल.

आता तुमच्या सांगलीच्या मिस्त्रीकडे येऊ. तिघांत मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, कारण तो यशस्वी होण्याची शक्यता आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आणि सोशिक. बॅटरी लावली, कार्बोरेटरमध्ये चार थेंब पेट्रोल टाकलं, तर ते खरंच फुरफुरेल. टाळ्या पडतील, कोणीतरी व्हिडिओ काढेल, आणि मग कोणीतरी म्हणेल, ‘चला, एक चक्कर मारू.’ ब्रेक पेडल थेट खाली जाईल.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. इतक्या वर्षांत मास्टर सिलिंडर आणि चाकांतले सिलिंडर आतून गंजलेले असणार, रबरं फुगलेली किंवा कडक झालेली असणार. तुमच्या गाडीत तर ड्रमच्या आत गाळही आहे. तेव्हा चारही ड्रम उघडायचे, सिलिंडर नवे किंवा स्लीव्ह घालून, रबरी होज पाइप सगळे नवे, लोखंडी पाइप गंजले असतील तर तेही. यात काटकसर नको. हँडब्रेकची केबलही बघा, ती अडकलेलीच निघेल. गाडी शेडबाहेर स्वतःच्या जोरावर येण्याआधी ती हाताने ढकलून, ब्रेक दाबून जागेवर थांबली पाहिजे. मिस्त्रीने नाराजी दाखवली तर दाखवू द्या.

पेट्रोलची टाकी काढून रिकामी करायची. जुन्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट थर होतो आणि टाकीत गंजाचा चुरा असतो. त्यावर नवं पेट्रोल ओतलं की सगळं कार्बोरेटरमध्ये. टाकी आतून साफ करून देणारे रेडिएटरवाले असतात, त्यांच्याकडेच द्या. रिकाम्या टाकीतही वाफ असते, म्हणून घरी कोणी वेल्डिंग किंवा ग्राइंडर जवळ नेऊ नये. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या नव्या घालताना इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि १९८२ च्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे पुढे गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवण्यापेक्षा थोडं ताजं पेट्रोल घालत राहणं बरं.

इंजिनाला पहिला हात सेल्फने (स्टार्टरने) लावायचा नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू फिरवा. फिरलं तर निम्मी काळजी मिटली. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल, पुन्हा वाट. जुनं इंजिन ऑइल काढताना ते एका बरणीत धरा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तीच परीक्षा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या तेलाची, आणि तुमच्या बाबतीत ती जास्त महत्त्वाची, कारण पुराचं पाणी तिथेच पोचलेलं असणार. नवं तेल घालून, प्लग लावण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत किती दाब तयार होतो ते) मोजून घ्या. चारही आकडे एकमेकांच्या आसपास असतील तर इंजिन खोलू देऊ नका, कोणी कितीही म्हणो. ‘आता हेड काढलंच आहे तर रिंगा पण टाकू’ या वाक्याने बरेच खिसे रिकामे झालेत.

उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असणार, म्हणून बॅटरी जोडण्याआधी वायरमनला दाखवा आणि जवळ आग विझवायचं नळकांडं ठेवा. रेडिएटर, वॉटर पंप, पाण्याचे पाइप यांत विशेष काही नाही, बदलून टाका. टायरची नक्षी किती छान दिसते याला महत्त्व नाही. बाजूवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचा. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. चार आकडे नसतीलच तर तो टायर २००० च्या आधीचा. सगळे नवे लागतील. मूळ मापाचे टायर शोधायला वेळ लागतो, म्हणून त्यांचं काम आधी सुरू करा. आणि नातवंडं बसणार असतील तर सीटबेल्ट बसवून घ्या. मूळ रूप वगैरे तिथे बाजूला ठेवा.

सुटे भाग मिळतील का, अशी शंका तुम्हाला येईल, आणि ती अर्धी खरी आहे. या गाडीचे यांत्रिक भाग इतकी वर्षं सहज मिळाले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. कुर्ल्याच्या कारखान्यात गाडी बनणं थांबलं तरी टॅक्सी धावत होत्या, त्यामुळे ब्रेकचे किट, क्लच प्लेट, गॅस्केट विकणारी दुकानं टिकली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून हा माल हळूहळू आटणार हे उघड आहे. म्हणून ब्रेक आणि क्लचचे किट, वॉटर पंप, कार्बोरेटरचं किट हे आत्ताच एक-एक जादा घेऊन ठेवा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा बाजार फिरा. आणि तुम्ही सांगलीकर असल्याने कोल्हापूर जवळ, तिथल्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर एखादा भाग तसाच्या तसा कातून देणारे हात आहेत. हा तुमचा फायदा पुणेकराला नाही. अडतं ते शोभेच्या वस्तूंपाशी: जाळी, बंपरची टोकं, काचांची रबरं, दाराचे हँडल. म्हणून त्यातलं काहीही ‘नवीन टाकू’ म्हणून काढून फेकू देऊ नका. वाकलेली मूळ जाळी सरळ होते, नवी मिळत नाही.

यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल की मला गाडी पुण्याला नेण्यात फारसं शहाणपण दिसत नाही. काम सांगली-कोल्हापुरात व्हावं, वडिलांना जाऊन बघता येईल अशा अंतरावर. गॅरेज कुठलंही असो, पैसे टप्प्याने द्या: आधी ब्रेक, मग इंधन आणि इंजिन, मग वायरिंग आणि टायर, मग आरटीओ. एक टप्पा संपून तुम्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसऱ्याचे पैसे नाहीत. काढलेले जुने भाग परत मागा, फोटो रोज मागा, मूळ आरसी गॅरेजात ठेवू नका. निम्मी रक्कम आगाऊ कोणालाही नको. रंगाचा विषय गाडी सहा महिने चालल्यावर काढा. तोवर कदाचित निघणारच नाही.

आणि पत्रा सडलेला निघाला तर? तर भावाचं ऐकायची वेळ आली असेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गाडी चालवायची नसेल तर ती शेडमध्ये धुऊन-पुसून, गाळ काढून, ठोकळ्यांवर ठेवता येते. उभी ठेवण्यापुरतं ब्रेकचं काम लागत नाही. तिचं इंजिन, दारं, जाळी एखाद्या दुसऱ्या पद्मिनीला जीवदान देऊ शकतात, तसे हौशी लोक आणि क्लब आहेत. भंगारातच द्यायची ठरली तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला रोखीने दिलेली गाडी कागदावर वडिलांचीच राहते, आणि तो नंबर उद्या कुठल्या भलत्याच गाडीवर फिरला तर नोटीस त्यांच्या दारात. पण यातलं काहीही त्यांना न सांगता करायचं नाही. गाडी त्यांची आहे.

राहिली पंच्याहत्तरी. चार महिन्यांत पुरात भिजलेली पद्मिनी कागदांसकट रस्त्यावर येणं मला अवघड वाटतं, आणि तारखेच्या घाईत सगळ्यात आधी ब्रेकचं काम आटोपतं घेतलं जातं. तेव्हा तारखेचं बंधन काढून टाका. वाढदिवसाला काही द्यायचंच असेल, तर नवे टायर आणि ब्रेकचं सगळं किट खोक्यात भरून द्या, बिलासकट. बिल पाहून ते ‘एवढे पैसे कशाला घातलेस’ म्हणतील, तेव्हा पुढचं काम कोणाकडे द्यायचं ते त्यांनाच विचारा.

या शनिवारी सांगलीला गेलात तर एवढं करा: आरसी बुक शोधा, इंजिन आणि चासी नंबर त्याच्याशी ताडून पाहा, मॅट उचलून फ्लोअर ठोका आणि त्याचे फोटो काढा. बॅटरी अजून घेऊ नका.